शर्ट मात्र छान

गोरव्याच्या कारखान्यात मॅनेजर झाल्यापासून अभिजितराव गुप्ते कुणाला रागावत नसत, फीडबॅक देत. पूर्वी याला नावं ठेवणं म्हणत, आणि तसल्या माणसाला लोक चहालाही विचारत नसत. पण अभिजितराव ट्रेनिंग करून आले होते. आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. समोरच्याला लागत नाही म्हणे.

लेकीच्या केळवणाला ते मांडवीत उल्कामावशींकडे, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीकडे जेवायला गेले. तिथेही राहवलं नाही. हात धुता धुता म्हणाले, “मावशी, श्रीखंड बहु सरस. पुऱ्या तेलकट होत्या. रांगोळी मात्र झकास. फीडबॅक आहे, मनावर घ्यायचं नाही.”

पहाटेपासून राबलेल्या मावशींनी पदराला हात पुसले. “असं असतं होय? मग आमचाही घ्या. आवाज तुमचा भारदस्त आहे. तुम्ही तोंड उघडलंत की माणसं उठून जातात. शर्ट मात्र छान.”

लेकीने हसू लपवायला ताटं उचलली.

गाडी अकोट्याच्या पुलावर आली तसे अभिजितराव बायकोला म्हणाले, “मावशींना शर्ट फारच आवडला गं.”