बोट वर होण्याआधी

दुपारच्या जेवणानंतर मरगतमचा डोळा लागतो न लागतो, तोच खुंटीवरचा तविल खाली उतरतो. तविल म्हणजे तिच्या वडिलांचा, अप्पांचा, फणसाच्या खोडाचा ढोल. सनईसारख्या लांब नादस्वराच्या जोडीनं देवळात आणि लग्नात वाजायचा. अप्पा गेल्यापासून तो मुका टांगलेला आहे, आणि दर शुक्रवारी मरगतम त्याला कुंकू लावून त्याच्यापुढं दिवा लावते. आज शुक्रवारच आहे.

खुंटीखाली अप्पा बसलेत. उजव्या हाताच्या बोटांवर तविल वाजवायच्या, खळीनं कडक केलेल्या कापडी टोप्या चढवताहेत.

"या तर चितेवर गेल्या ना तुमच्याबरोबर?" ती विचारते.

"बोटं गेली, त्याही गेल्या," अप्पा म्हणतात आणि पुढची टोपी चढवतात.

भिंत सरकून देवळाची ओवरी होते. ओवरीतून चालता चालता पायाखाली केळीची पानं येतात, आणि बघते तर मांडव तिच्याच लग्नाचा. कन्यादानाला काका बसलेत. माझ्या पोरीच्या लग्नात तविलावर दुसऱ्याचा हात पडणार नाही, असा अप्पांचा हट्ट, आणि अप्पांचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. ही गोष्ट तिनं जन्मभर कौतुकानं मिरवली आहे.

मंगळसूत्र बांधायच्या क्षणी भटजी बोट वर करतात. आपल्याकडे 'वाजवा' म्हणतात, तशीच ती खूण. मग नादस्वर आणि तविल असे तुटून पडतात, की कुणाची शिंक, कुणाचं रडं, एखादा अशुभ शब्द कुणाच्या कानी पडू नये. तिकडं दक्षिणेतली रीतच आहे ती.

नवऱ्यामुलाची तिरुच्चीला दुसरी बाई, दुसरं घर आहे, हे मरगतमला त्याच सकाळी कळलंय. ती मान वळवते आणि म्हणते, "अप्पा, थांबवा हे. मला नको."

तविल कडाडतो.

त्या कडाडण्याच्या आधारावर तिनं सगळा संसार रेटला. एवढ्या गोंगाटात बापाला ऐकू तरी कसं जाणार, अशी स्वतःची समजूत घालत राहिली. आज मात्र तिची नजर भटजींकडे जाते. त्यांचा हात अजून मांडीवरच आहे.

"अप्पा, बोट वर झालंच नव्हतं."

अप्पांचे हात थांबतात. "नव्हतं."

"म्हणजे तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं, पोरी. म्हणून तर दुसऱ्या कुणाला ऐकू दिलं नाही. मांडव माणसांनी भरला होता."

इतकं फसवल्यासारखं तिला नवऱ्याच्या त्या दुसऱ्या घरामुळंही कधी वाटलं नव्हतं. अप्पा तिचा हात धरायला बघतात. ती त्यांची बोटं झटकून टाकते.

दाराशी सून उभी आहे. उन्हं कलली, तविलापुढं दिवा लावायचा ना, असं विचारते आहे.

मरगतम उठून बसते. तिची मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडून बघते, तर आत कापडाची एक कडक टोपी, अजून कोमट.

"नको लावू," ती म्हणते. "त्यांनी ऐकलं होतं."