आधी माणूस, मग पिशवी

नर्मदामावशी आमच्या वॉर्डातली आया. मिठागराच्या गावची, तोंडाने फटकळ आणि एका बाबतीत भलतीच हट्टी. घरी निघालेल्या पेशंटची पिशवी ती कोणाला पुढे नेऊ द्यायची नाही. माणूस गाडीत बसेपर्यंत पिशवी तिच्या खांद्याला. आम्ही नर्सेस चिडवायचो, मावशी, आत सोनं आहे का? हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून ती कामाला लागायची.

आमच्याकडे डॉक्टर सकाळी 'घरी जा' म्हणत आणि पेशंट दिवेलागणीला निघे. आधी मोठ्या डॉक्टरांची सही, मग औषधांचा हिशोब, मग मेडिक्लेमची मंजुरी. एक झाल्याशिवाय दुसरं कोणी हातात घेत नसे. घरचे कपडे घालून खाटेवर पाय सोडून बसलेली माणसं बघून मला संताप यायचा. अर्ध्या निघालेल्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये, मावशी म्हणायची.

नरहरीकाका असेच बसले होते. केळीची आणि सोनचाफ्याची वाडी करणारे, निमोनियातून छान उठलेले. दिवे लागायच्या आत मला झोपाळ्यावर बसव, एवढंच ते नातवाला, उमंगला, सांगत होते. संध्याकाळ झाली तरी मंजुरी येईना. शेवटी उमंगने शेजारच्या क्लिफर्डच्या गाडीतून पिशवी, शाल आणि काठी पुढे धाडली, तेवढीच एक खेप वाचेल म्हणून. मावशी तेव्हा वरच्या मजल्यावर होती. खाली आल्यावर तिला कळलं. आधी माणूस, मग पिशवी, किती वेळा सांगितलं, असं म्हणत ती तडक काकांच्या खाटेपाशी गेली.

थोड्या वेळाने फोन आला, उमंगच्या बायकोचा. नेत्रा दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. दुखण्यातून उठून येणाऱ्यावरून तो ओवाळून टाकतात, आणि टाकणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. गाडी दिसली, मागच्या सीटवर शाल दिसली, तिला वाटलं आजोबाच. तिने गाडीवरून ओवाळलं, तुकडा लांब टाकला आणि न बघता आत गेली. क्लिफर्ड सामान ओटीवर ठेवून पुढच्या भाड्याला निघून गेला. मग आत तिला झोपाळ्याच्या कड्या ऐकू आल्या.

"आजोबा आले," ती आनंदाने सांगत होती. "शाल पांघरून बसलेत. बोलत नाहीत, हाताने पाणी मागतायत."

उमंग फोन कानाला लावून खाटेकडे बघत राहिला. काका तिथेच होते, पाय सोडून, दाराकडे तोंड करून. माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो.

मावशीने फोन ओढून घेतला. "पानी देव नको, बाय. आमी त्यांना घेऊन येतोय."

पण पलीकडे ऐकायला कोणी नव्हतं. नेत्रा फोन तसाच बाजूला ठेवून पाणी आणायला गेली होती.

मावशीने कोणाला न विचारता काकांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि खाली नेलं. दारावर वॉचमनने पास मागितला. तिने त्याला नाही नाही ते ऐकवलं, पण तो बिचारा हुकमाचा ताबेदार. मी बिलिंगला धावले, टेबलावर हात आपटून भांडले. मंजुरी तेवढ्यातच आली होती. कागद घेऊन खाली पोचले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते.

काका ओठ पुसत होते.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "आपल्या विहिरीचं पाणी ते." आणि त्यांची मान कलली.

डॉक्टर धावत आले, हातात होतं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही.

आता आमच्याकडे कागद आदल्या संध्याकाळीच तयार होतात. मंजुरीही तेव्हाच मागवतात, आणि पेशंट सकाळचा चहा घेऊन घरी जातो. वरचे लोक त्याला नवी पद्धत म्हणतात. चांगलीच आहे. आधी का सुचली नाही, म्हणून माझा जीव जळतो.

काकांचं दिवसकार्य उरकल्यावर नेत्रा मावशीला भेटायला आली. निरोप कानावर पडायच्या आतच तिने पाण्याचा गडू झोपाळ्यापाशी ठेवला होता. फोनपाशी जाऊन परतली तर गडू रिकामा आणि झोपाळ्यावर नुसती शाल. तेव्हापासून तिला झोप नव्हती. मी घरात घेतलं ते कोणाला, एवढंच तिला विचारायचं होतं.

मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तेच व्हते, बाय," ती म्हणाली. "ते सकाळीच निघाले व्हते. आमीच सोडत नव्हतो."