दांड्यावरचं लुगडं

वरवंडच्या आमच्या मळ्यातली विहीर चांगली ऐसपैस होती. उतरायला दगडी पायऱ्या, आणि भर उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी. गावातली निम्मी पोरं तिच्यातच पोहायला शिकली. वडील मात्र काठावरूनच बघायचे. त्यांच्या वाडवडलांची हयात मेंढरांमागं गेलेली. वडील शेती शिकले, पोहणं काही शिकले नाहीत. आई वडगाव रासाईची. लग्नाआधी भीमा आडवी पोहून जाणारी ही बाई आमच्या विहिरीवर नुसतं धुणं धुवायची. कधी पाण्याकडं बघत बसली, की वडील म्हणायचे, "घरची सून विहिरीत उतरली तर लोक तोंडात शेण घालतील." मला त्यांचा फार राग यायचा. अजूनही येतो.

मग शिवारात वीज आली, मोट गेली आणि मोटर आली. ती जोडायला दौंडहून एक वयस्कर मुसलमान वायरमन आले. आईनं त्यांना मामा म्हटलं, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. मामांनी पंपाच्या खोलीत मेन स्विच उंच बसवला, त्याच्याखाली उभं राहायला कोरडी फळी टाकली. बाहेर खड्डा खणून अर्थिंगची तार पुरली, वर कोळसा आणि मीठ भरलं. खड्डा ओला ठेवायचं काम आईला लावलं.

"एवढं मीठ मातीत?" आई हळहळली.

"मातीत न्हाई, पोरी. जिवासाठी हाय."

मग ते वडिलांकडं वळले. "इहिरीत माणूस आसंल तवा मोटर चालू करायची न्हाई. जो उतरंल त्यानं स्विचचा हा दांडा खाली पाडायचा आन् आपली कोरडी कापडं त्याला आडकवायची. कापडं दिसली की हात लावायचा न्हाई. मालक आसू द्या न्हाईतर फौजदार."

वाघाला भ्यावं तसे वडील विजेला भ्यायचे. दांड्यावर पोरांच्या चड्ड्या लटकायच्या आणि वडील चरफडत बाहेर थांबायचे.

एका दुपारी लाईट फार उशिरा आली. कांदा पाण्यावाचून माना टाकत होता. वडील लगबगीनं खोलीत शिरले, मागोमाग मी. दांड्यावर आईचं हिरवं, कोरडं लुगडं होतं.

आता आईची धडगत नव्हती. वडिलांचा हात वर गेला आणि अर्ध्यातच थांबला. ते बाहेर आले आणि विहिरीकडं पाठ करून दगडावर बसले. विहिरीतून पाण्यात हात मारल्याचा सपसप आवाज येत होता. शेजारचा गडी पाण्याला आला, त्याला त्यांनी लांबूनच परतवलं. "मोटरीचं काम चाललंय," म्हणाले. एवढं सफाईदार खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान न वळवता हाक मारली, "झालं का? कांदा वाळतोय."

"आजून न्हाई," विहिरीतून आई म्हणाली.

तिनं त्यांना नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. वडिलांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि बसून राहिले.

त्यानंतर ते लुगडं दांड्यावर पुष्कळदा दिसलं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

आई गेल्यावरही वडील मोटर चालू करण्याआधी विहिरीकडं पाठ करून उभे राहायचे. "झालं का?" विचारायचे. जरा थांबायचे आणि मग दांडा वर करायचे.