आत्याचे पाय आणि दारातलं मशीन

आधीच सांगतो, हसायचं असेल तर कप खाली ठेवा. मला मात्र त्या दिवसाचा अजून संताप येतो, आणि का येऊ नये?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली, एवढीशी. वर्ध्याच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. मी आपला दुरूनच बघायचो. एक दिवस निरोप आला, आज बापाने पोरीला हातात घ्यायला हरकत नाही, फक्त पाचच्या आत या. सिंदीचं माझं किराणा दुकान मी भर बाजाराच्या दिवशी बंद केलं आणि गाडी पकडली.

त्या खोलीच्या दारात भिंतीवर एक नवं मशीन लावलेलं. खाली हात धरले की आपोआप औषध पडायचं, आणि औषध न घेता आत पाऊल टाकलं की ते बोंबलायचं. मला काय माहीत? मी सरळ आत शिरलो. ते असं बोंबललं की सगळा दवाखाना माझ्याकडे चोर पकडल्यासारखा बघायला लागला. सिस्टरने समजावलं, बाहेरचे जंतू हातावरून बाळाला लागतात. बरं बाई. पोरीच्या जिवापुढे काय अब्रू घेऊन बसायचं? हाताला औषध चोळलं आणि आत गेलो.

पेटीजवळ माझी हिंगणघाटची आत्या बसली होती, सोबतीला आलेली. वडीलधारं माणूस दिसलं की आमच्या घरात कंबर आपोआप वाकते, त्याला मशीन लागत नाही. मी पाया पडलो.

"भाऊ, हात," सिस्टर म्हणाली आणि दाराकडे बोट दाखवलं.

गेलो, चोळून आलो. तोवर इकडे आत्याचं तोंड फुगलेलं.

"माह्या पायाले हात लावला अन् लगेच धुवायले पळाला? काऊन रे, माहे पाय उकिरड्यात होते का?"

आता यात माझं काय चुकलं, सांगा! मी तिला जंतूंचं सांगितलं, तर ती आणखीच भडकली. म्हणे, याच पायांवर घेऊन तुले न्हाऊ घातलं, तेव्हा नाई कुठे जंतू निघाले. रुसलेल्या आत्याची समजूत काढायची मला एकच रीत ठाऊक. मी तिचे पाय धरले.

या वेळी सिस्टर बोललीसुद्धा नाही. नुसतं बोट.

तळहात चरचरायला लागले होते, घड्याळ पाचाला टेकलं होतं. मशीनला मनातल्या मनात शिव्या घातल्या, दोन्ही हात वर धरले आणि आत्याकडे ढुंकूनही न बघता पेटीपाशी गेलो. सिस्टरने पोरीला कपड्यात गुंडाळून माझ्यापुढे धरलं.

"घ्या भाऊ. वाचली तुमची पोरगी."

हेच ऐकायला इतके दिवस जीव टांगणीला लागला होता हो. डोळ्यांना धार लागली. या बाईने माझी पोर जगवली! मी गहिवरून वाकलो आणि सिस्टरच्या पाया पडलो.

तिने शांतपणे पोरगी आत्याच्या हातात दिली. म्हणाली, आजी, या खोलीत एवढ्या वेळात फक्त तुमचेच हात स्वच्छ राहिलेत.

मी मुकाट दाराकडे निघालो. मागून आत्या पोरीला बापाची ओळख करून देत होती.

"पाह्य माय, तो तुहा बाप. हात धुवून राह्यला."