वखार खणताना पपा हरवले

वसईच्या किल्ल्यात आम्ही पोर्तुगीजांची एक जुनी वखार खणत होतो, त्या हिवाळ्यात मी पपांना रोज सोबत न्यायचे. आई गेल्यापासून त्यांची स्मरणशक्ती विरत चालली होती, आणि गिरीज गावातल्या आमच्या घरात त्यांच्याजवळ थांबायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बाहेरून कुलूप लावून जाणं मला जमेना.

पपांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. खड्ड्यापासून थोडं दूर, चिंचेच्या सावलीत त्यांची खुर्ची असे. आम्ही ब्रशने माती झाडत खाली सरकायचो. फरशी निघायची, जळक्या लाकडाचा थर, चिनी बशीचे निळे तुकडे. इथून लाकूड आणि तांदूळ गलबतांत कसे भरले जात, पुढे मराठ्यांनी किल्ला कसा घेतला, हे पपा मजुरांना सांगत. सांगताना कुठेच अडखळत नसत. सकाळी चहा घेतला का, ते मात्र आठवत नसे. मला वाटायचं, हे काम चालू आहे तोवर पपा माझ्या हाताशी आहेत.

एका दुपारी खड्ड्यात हाडं लागली. सगळेच वाकून बघत होतो. मी वर पाहिलं तर खुर्ची रिकामी.

मी हाका मारत सुटले. पडक्या चर्चमध्ये पाहिलं, झुडपांत पाहिलं. विहिरीत वाकून पाहिलं. मजूर भुईदरवाजाकडे धावले, मी दर्या दरवाजाकडे. बाहेर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीने एक म्हातारा खाडीकडे उतरताना पाहिला होता. भरती चढत होती.

पपा मांड्यांपर्यंत चिखलात रुतले होते, पाणी छातीला लागलं होतं. मी आत शिरले आणि मीही रुतले. कोळणीने नवऱ्याला बोलावलं. त्याने होडी आणली, दोघांनी मिळून आधी पपांना, मग मला वर ओढलं. मी पपांना घट्ट धरून रडत होते.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"रडू नका तुम्ही," ते म्हणाले. "तुमचं कोण हरवलंय?"

पपांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी कामावर गेले नाही. खड्डा माती टाकून बुजवल्याचं सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं; हाडं बैलाची होती म्हणे. ती पुढेही काही सांगत होती, पण पपा दाराची कडी काढत होते. त्यांना घरी जायचं असतं. तुम्ही घरातच आहात, असं मी आधी समजावायचे. आता नाही समजावत. हात धरून केळीच्या वाडीला एक फेरी मारून आणते. दारात पोचलो की ते माझे आभार मानतात.