साच्याची दहा मिनिटं

डिचोलीवर धुकं इतकं दाट उतरलं होतं, की आठ वाजून गेले तरी बसस्टँडवरचे दिवे जळतच होते. शालिनीनं दवाखान्याचं शटर वर केलं, रोग्याची खुर्ची पुसून काढली आणि टबातल्या पाण्यात मापानं क्लोरीनचं औषध घातलं. दातांचे साचे त्यात बुडवायचे असतात. तिचा नवरा खाणीवरच्या ट्रकावर होता. तो गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून भाड्याची खोली आणि हा दवाखाना, एवढंच तिचं जाणं-येणं. इथं येणारी माणसं आ वासून बसतात. त्यांच्याशी बोलणार काय?

दहाच्या सुमाराला सर्वणहून प्रभावती आली. सत्तरीची बाई, जावयाच्या स्कूटरवर बसून. चार दात बसवायचे होते. डॉक्टर सेजलनं ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तोंडात दाबला, तशा म्हातारीला ओकाऱ्या यायला लागल्या. शालिनीचा हात तिनं पिळूनच धरला.

साचा निघाला. शालिनीनं नळाखाली धुतला. लाळ गेली, रक्ताची रेघ गेली. मग औषधात बुडवून घड्याळ दहा मिनिटांवर लावलं. कमी ठेवला तर तोंडातला रोग लॅबमधल्या माणसाच्या हातात जायचा. जास्त ठेवला तर लगदा पाणी पिऊन फुगतो, नि त्यावरून केलेले दात बसत नाहीत. वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

बाहेर बाकावर म्हातारी पदरानं तोंड पुसत होती. शालिनीनं तिला पाणी दिलं.

"तू खंयची गो?"

"केरीची."

"माजा म्हायार केरी! कोणाची तू?"

"शांतेची."

"शांतेचा चेडू? अगो, तुझी आवय चवथीक फुगडी घालूक उबी रवली काय सगळ्यांचो दम काढी! माका एकदा अशी गरगरवली, दोन दिवस भिंत धरून चललंय!"

शालिनी हसली. आईचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली होती. आत घड्याळ वाजलं. ती गेली, बटण दाबलं, आणि तशीच परत येऊन बसली.

"मगे?" शालिनीनं विचारलं.

मग आईचं भांडण निघालं, आईच्या वेणीतली अबोली निघाली. "आयतवारी सर्वणाक जेवूक ये," असंही म्हातारी म्हणाली.

"शालिनीताई, प्लास्टर ओतलं?" आतून सेजलनं विचारलं.

शालिनीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती. साचा हातात घेतला तर अगदी जसाच्या तसा. तसंच त्यात प्लास्टर ओतलं असतं तर कोणाला कळलं नसतं. महिन्याभरानं म्हातारीच्या हिरड्या सोलवटल्या असत्या, तेव्हाही दोष लॅबवर गेला असता. आयतवारचं जेवण मात्र पदरात पडलं असतं.

"डॉक्टर, माझ्याकडून साचा औषधात जास्त वेळ राहिला," ती म्हणाली. "परत घ्यावा लागेल."

सेजलनं नवा लगदा कालवायला घेतला. म्हातारी मात्र भडकली.

"परत तां तोंडात? गजाली मारूक बसलंस नि माझो जीव काढतंस?"

"चुकलंच मावशे," शालिनी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला म्हातारीनं तिचा हात धरला नाही, खुर्चीचा दांडा धरला.

शालिनीनं नवा साचा धुतला, बुडवला, आणि ह्या वेळी टबाजवळच उभी राहिली. बाहेर म्हातारी जावयाला काहीतरी सांगत होती. शब्द कळत नव्हते. दोन पावलांवर दार होतं. ती हलली नाही. घड्याळ वाजल्यावर साचा काढला, परत धुतला, प्लास्टर कालवून ओतलं.

ती बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. स्कूटर गेली होती. पाण्याचा पेला खाली ठेवलेला होता, अर्धा भरलेला.

सेजलनं पुढच्या रोग्याला आत बोलावलं. शालिनीनं पेला उचलला, हातमोजे बदलले आणि ट्रेला चिकटलेला लगदा खरवडायला लागली.