शेजारी आला का?

बसमधले सगळे तिला गाईडताई म्हणत. वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं लोकांना दाखवण्यात तिचा अर्धा जन्म गेला होता. माणसं मोजणं तिला मुळीच पटत नसे. "मोजायला तुम्ही काय मेंढरं आहात?" असं ती पहिल्याच दिवशी सुनावायची. थांब्यावरून निघताना दारात उभी राहून ती ओरडे, "शेजारी आला का?" आणि ज्याने त्याने आपल्या शेजारच्यासाठी "आला!" म्हणायचं. एकट्यादुकट्यालाही ती कुणाच्या तरी शेजारी बसवून टाकी. आजवर तिचं एकही माणूस मागे राहिलं नव्हतं, आणि हे चारचौघांत ऐकवल्याशिवाय तिला करमत नसे.

या सहलीला तिने अण्णांना, म्हणजे वडिलांना, सोबत आणलं होतं. त्यांना आता काही म्हणजे काही आठवत नसे. घरातून निघून भलत्याच गल्लीत सापडत. भावाने तर हातच झटकले होते. "या सहलीत त्यांना नीट सांभाळून दाखव," तो म्हणाला, "नाहीतर वृद्धाश्रमात ठेवायचं. मग रडू नकोस." म्हणून तिने पुढे आपल्या शेजारच्या सीटवर नेहमी असणारी बॅग उचलली आणि तिथे अण्णांना बसवलं.

"ताई, हे वाळवंट आहे," ड्रायव्हर पुटपुटला. "अण्णांना कशाला आणलंत?"

"माझ्या नजरेसमोर आहेत ते. तू रस्त्याकडे बघ!"

सुरुवातीचे दिवस बरे गेले. शेवटच्या उद्यानात मात्र सकाळपासूनच आभाळ मळकट पिवळं होतं. पाखरू दिसत नव्हतं. फाटकावरच्या वनरक्षकाने बजावलं, "वादळ येतंय. लवकर बाहेर पडा."

दगडी कमानीपाशी ती माहिती सांगत असतानाच वारा सुटला. डोळ्यांत वाळू गेली, लोकांची पळापळ झाली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारू लागला.

"शेजारी आला का?"

"आला! आली! आला!"

ती चढली, सवयीने बॅग शेजारच्या सीटवर टाकली आणि म्हणाली, "चल!"

बरंच अंतर गेल्यावर मागच्या आजींनी विचारलं, "अण्णा मागे झोपलेत का गं?"

तिने शेजारी पाहिलं. बॅग होती. सगळ्यांना तिने विचारलं होतं. तिला विचारणारं कुणी नव्हतं.

ड्रायव्हरने बस वळवली. त्याने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. पुढचा रस्ता वाळूखाली गडप होत होता.

कमानीखाली अण्णा उभे होते. टोपी उडालेली, ओठ फुटलेले. घसा फाटेस्तोवर हाका मारत होते, "चिमे! ए चिमे!"

आई गेल्यापासून या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. तिने त्यांना मिठी मारली. "चुकले हो अण्णा! चला, चला गाडीत."

त्यांनी तिचे हात हळूच सोडवले. "गाईडबाई, माझी मुलगी मागे राहिली हो. तिच्या शेजारी मीच बसलो होतो. लक्ष माझंच नव्हतं."

"अण्णा, मीच चिमी!"

त्यांनी तिचा चेहरा नीट न्याहाळला आणि मान हलवली. "ती एवढीशी आहे," ते गुडघ्यापाशी हात धरून म्हणाले. "तिला घेतल्याशिवाय मी गाडीत चढणार नाही."

ते वळले आणि हाका मारत वाळूत शिरले. प्रत्येक हाकेला "ओ, अण्णा, ओ!" म्हणत ती त्यांच्यामागे धावली. त्यांनी वळून पाहिलं नाही.